तीन विटांचं भोक

नरहरकाका पांढरीपांडे यांनी आयुष्यभर लोकांसाठी घरं काढली आणि आयुष्यभर त्याच लोकांची बोलणी खाल्ली. घरं काढली म्हणजे कागदावर. ते सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांनी काढलेल्या क्वार्टरमध्ये संडासाचं दार उघडलं की ते न्हाणीघराच्या दारावर आपटायचं. म्हणजे एका वेळी घरातल्या एकाच माणसाला घाई असावी, अशी अपेक्षा होती. स्वयंपाकघराची खिडकी अशा बेताने ठेवलेली, की फोडणीचा धूर तिच्यापर्यंत जायचा, बाहेर डोकवायचा आणि बेत बदलून बैठकीच्या खोलीत यायचा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात काका दिसले की चार बायका तरी त्यांना गाठायच्या.

"भाऊजी, त्या दारामागच्या कोनाड्यात नेमकं ठेवायचं काय हो?"

काका शांतपणे म्हणायचे, "नकाशात आहे तो."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. जे नकाशात आहे ते आहे. जे नकाशात नाही ते डोळ्यांसमोर उभं असलं तरी अनधिकृत.

एक मात्र कबूल करायला हवं. हीच क्वार्टर्स सगळीकडे उभी राहिल्यामुळे आमच्यासारख्यांना परका गाव असा राहिलाच नाही. एकदा मंडल्याला एका ओळखीच्यांकडे उतरलो होतो. दिवे गेले. मी उठलो, कशालाही न ठेचकाळता अंधारात थेट माठापाशी पोचलो आणि पाणी पिऊन परत आलो. यजमान थक्क झाले. त्यांना वाटलं, काही साधना वगैरे असावी. साधना कसली, पांढरीपांड्यांच्या शेजारी वाढलो होतो!

छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांमागोमाग जी मराठी बिऱ्हाडं इथे उतरली, त्यांत काकांचे वडील होते. सहा वर्षांचे काका होते, आणि एक तांब्याचा बंब होता. बंब काकांपेक्षा उंच होता आणि घरात त्याला मानही जास्त होता. नागपूरकरांना इथे जुळवून घ्यायला काही जड गेलं नाही. आमचं 'करून राहिलो' आणि भोपाळी 'कर रिये हैं' ही एकाच आजीची नातवंडं. त्यामुळे काका कुठल्याही भाषेत बोलू लागले तरी समोरच्याला आपलीच वाटायची. बोलण्याचा विषय एकच असायचा: भिंती.

शिवाजी नगरातल्या जुळ्या क्वार्टर्सपैकी डावं त्यांचं, उजवं आमचं. जुळं म्हणजे काय, ते इथल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. एक घर काढायचं, कागद उलटा करायचा आणि तेच घर पुन्हा गिरवायचं. कष्ट अर्धे, घरं दोन. त्यामुळे त्यांच्याकडे जे डाव्या हाताला ते आमच्याकडे उजव्या. मी लहानपणी त्यांच्याकडे खेळायला गेलो की तहान लागल्यावर हमखास देवघरात जाऊन उभा राहायचो. सुमनकाकू, म्हणजे काकांची बायको, आतून ओरडायची, "रव्या, देवाचं पाणी नको पिऊस, माठ इकडे आहे!" मंडळात नवीन कुटुंब आलं की जात, गोत्र, गाव यांच्याआधी विचारलं जायचं, "तुम्ही डावे की उजवे?"

या जुळ्यात एक गोम होती. दोन स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून, आणि दारं मात्र दोन टोकांना. म्हणजे सुमनकाकूने कढईत मोहरी टाकली की माझ्या आईला शिंक यायची, पण काकूला आईकडे यायचं तर अख्खी ओळ फिरून, दोन कुत्री आणि एक हापसा ओलांडून यावं लागायचं. माझ्या आईला, कुसुमला, एकदा टायफॉइड झाला. काकू रोज पेज करून आणायची आणि ती ओळ फिरून येईस्तोवर गार व्हायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी काकूने खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि मागच्या अंगणाच्या सामाईक भिंतीतल्या तीन विटा पाडल्या. पलीकडून गरम पेजेची वाटी आली. आईने ती घेतली आणि ती रडली, असं ती पुढे सांगायची. काकू म्हणायची, काही रडली नाही, मीठ कमी आहे म्हणाली.

काका संध्याकाळी घरी आले आणि त्यांनी ते भोक पाहिलं. त्यांचा चेहरा, कुणी त्यांच्याच पोटाला भोक पाडावं, असा झाला.

"सुमन, हे नकाशात नाही."

"नकाशात टायफॉइड तरी कुठे होता?" काकू म्हणाली.

त्या दिवसापासून एक वार्षिक विधी सुरू झाला. तपासणीचे साहेब यायच्या आदल्या दिवशी काका स्वतः थापी घेऊन भोक बुजवायचे, वर चुन्याचा हात मारायचे. साहेब यायचे, चहा प्यायचे, जायचे. त्यांच्या स्कूटरचा आवाज वळणापलीकडे विरतो न विरतो तोच मागून बत्त्याचा ठोका ऐकू यायचा. काका वर्तमानपत्रात डोकं घालून बसायचे. घरात गणपती, अंगणात भोक. दरवर्षी एकाचं विसर्जन व्हायचं आणि दुसऱ्याची प्रतिष्ठापना.

त्या भोकातून काय गेलं नाही? विरजण गेलं, थर्मामीटर गेला, सांडगे गेले, माझी गणिताची वही गेली आणि ती काकांनी तपासून परत आली, रेघा सरळ नाहीत या शेऱ्यासह. काकूने पळीने नळावर दोनदा वाजवलं की आई हातातलं काम टाकून मागे जायची. आम्ही मुलं म्हणायचो, फोन वाजला. बाबांच्या तेराव्याच्या दिवशी आई कुणाशी बोलेना, तेव्हा काकू पलीकडे स्टूल घेऊन बसली आणि भोकातून नुसता हात देऊन बसली. तेव्हा मात्र तपासणी जवळ आली असूनही काकांनी थापी काढली नाही. त्या वर्षी साहेबांना मागचं अंगण दाखवलंच नाही.

काका निवृत्त झाले, शाहपुऱ्याला फ्लॅटमध्ये गेले. त्यांच्याच खालच्या मजल्यावर मी राहतो. शेजार आमचा तोच, आता भिंत नाही, छत मध्ये आहे. आई गेली. बंब मात्र आला. बाल्कनीत तुळशीशेजारी तो उभा असतो, आणि गीझर असूनही वर्षातून एकदा तो 'गळून राहिला' असं जाहीर होतं. मग मी गाडी काढतो आणि काका बंब मांडीवर घेऊन जुन्या शहरातल्या गेंदालाल ताम्रकारांच्या दुकानी येतात. बंब गळत नाही. गळतो तो काकांचा वेळ.

गेंदालालजी तांब्या-पितळेची भांडी ठोकतात, कल्हई करतात. अंधारं दुकान, मध्ये भट्टी, चार हातोडे चालू. काकांना तिथला अंधार ठाऊक होता. ताज्या तापलेल्या तांब्याचा रंग उजेडात कळत नाही, म्हणून गेंदालालजी खिडकीवर पोतं टाकून बसतात. काका हे चाळीस वर्षं पाहत आले होते. त्याच दुकानाच्या माडीवर नफीसा आपांचा जरदोजीचा, म्हणजे जरीच्या भरतकामाचा कारखाना. तिथे वेगळीच दुनिया: अड्ड्याच्या लाकडी चौकटीवर ताणलेली मखमल, भोवती मांडी घालून बसलेल्या बायका आणि पुरुष, उजेड धो धो, आणि आवाज म्हटला तर सुईचा. सुमनकाकूच्या लग्नातला बटवा आपांच्या आईच्या हातचा. खाली धडाधड, वर सूं सूं. खाली काजळी, वर कळाबत्तूची लखलखती जर. एवढा विजोड संसार एका घरात मी दुसरा पाहिला नाही. अर्थात, काका आणि काकू सोडून.

गेल्या वर्षी ती गल्ली रुंद करायचं ठरलं आणि ती इमारत जाणार हे पक्कं झालं. दोन्ही धंद्यांना मिळून नेहरू नगरच्या पुढे एक प्लॉट देऊ केला होता. अट एकच: दसऱ्याच्या आत दोघांनी एकाच नकाशावर सह्या करायच्या. नाहीतर तिथे पार्किंग.

गेंदालालजी बंबाला उगाच एक ठोका मारत म्हणाले, "साब, जिंदगी भर सरकार का बनाया. एक बार हमारा बना दो."

काकांनी बंब उचलला. परतताना गाडीत बोलले.

"रव्या, तुला नकाशाच्या कोपऱ्यातली चौकट ठाऊक आहे नं?"

ठाऊक होती. 'रेखाटन'पुढे मुंगीएवढं न. पां. 'मंजूर'पुढे साहेबांची सही, शेपटीसकट. आणि मध्ये एक रकाना, 'संकल्पना'.

"त्या रकान्यात माझं नाव कधी आलं नाही बे. एकदा येऊ दे. मग डोळे मिटायला मोकळा."

"डोळे मिटायच्या आधी बंब उतरवा मांडीवरून," मागच्या सीटवर त्यांच्याशेजारी बसलेली काकू म्हणाली. "माझ्या पायावर टेकून राहिला."

महिनाभर काका जमिनीवर नव्हते, ड्रॉइंग बोर्डावर होते. डायनिंग टेबल जप्त झालं. काकूने वरण-भात मांडीवर ताट घेऊन खाल्ला. कायद्याला लागणारी सही त्यांची पुण्याची आर्किटेक्ट पुतणी मृणाल करणार होती. तिने फोनवर विचारलं, "काका, कॉम्प्युटरवर करून देऊ का?" तर म्हणाले, "तुझ्या कॉम्प्युटरला भिंतीचा वास येतो का?" पेन्सिलीच्या सालपटांचा ढीग झाला. शेवटी नकाशा तयार झाला आणि मी तो पाहिला.

सुंदर होता. रेघ अशी, की नख लावावं तर टोचेल. मध्ये दुहेरी भिंत, तिच्या पोटात पोकळी. या बाजूचा हातोडा त्या बाजूला मुंगीलाही ऐकू जाऊ नये. डावीकडे ताम्रकार, उजवीकडे जरदोजी. दोघांना सारख्या खिडक्या, सारखा उजेड, सारखा ओटा. दारं दोन टोकांना. कुणाला एक इंच कमी नाही, कुणाला एक इंच जास्त नाही. मी बराच वेळ पाहत राहिलो. काहीतरी ओळखीचं वाटत होतं, पण काय ते लक्षात येईना. देवघर दिसलं असतं तर आलं असतं.

नफीसा आपांच्या माडीवर बैठक भरली. आपांनी चष्मा पुसून कागद पाहिला. "मियाँ, नक्शा तो माशाअल्लाह ऐसा है कि फ्रेम करा लो."

"बिलकुल," गेंदालालजी म्हणाले. "इत्ती सफाई!"

"तो फिर साइन करो," काका पेन पुढे करत म्हणाले.

गेंदालालजींनी पेन घेतलं, पाहिलं, आपांकडे दिलं. आपांनी ते काकांना परत केलं. "सोचते हैं."

"अरे, इसमें सोचना क्या है? सेम टू सेम है. इधर खिड़की, उधर खिड़की!"

"इसीलिए तो सोचते हैं," आपा म्हणाल्या. आणि त्यांनी चहा मागवला. भोपाळात चहा आला की विषय संपतो.

पुढचे दिवस टोलवाटोलवीचे. गेंदालालजी म्हणाले, पितृपक्ष आहे. आपा म्हणाल्या, भावाला विचारते. भाऊ सौदीला. काकांनी भिंत अजून जाड केली; मग खिडक्या अजून मोठ्या केल्या. सह्या येईनात. काय खुपतंय ते सांगताही येईना त्यांना. नकाशात दोष दाखवावा तर दोष नव्हता. नवरात्र बसलं आणि काकांचं जेवण कमी झालं. रात्री वरच्या मजल्यावर ते फिरताना मला ऐकू यायचे. काकू जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "रव्या, पार्किंग झालं तर हा माणूस त्या पार्किंगचाही नकाशा काढेल, पण जगणार नाही."

अष्टमीच्या आधी काकूने दिवाळीची पातेली कल्हईला काढली. "तुम्ही येऊ नका," ती काकांना म्हणाली. ते अर्थातच आले. दुकानाच्या पायरीवर, कुणी हाकललेल्या जावयासारखे, तोंड फिरवून बसले.

हातोडे चालू होते. काकू आणि मी आत स्टुलावर. एकदम वरून छताला ठक ठक असा आवाज आला आणि चारही हातोडे थांबले. गेंदालालजींचा हात तर हवेतच राहिला. गल्लीतला रिक्षाचा हॉर्नसुद्धा ऐकू येऊ लागला. हे मी पूर्वी शंभर वेळा पाहिलं होतं आणि मला नेहमी वाटायचं, चहाची सुट्टी.

"काय झालं?" काकूने विचारलं.

"ऊपर खाका उतर रिया है," गेंदालालजी कुजबुजले. खाका म्हणजे टाचणीने भोकं पाडलेला कागद. मखमलीवर ठेवून वर खडूची भुकटी फिरवली की नक्षी कापडावर उतरते. खाली हातोडा पडला तर वरची भुकटी हलते आणि मोराचं बदक होतं.

पुन्हा ठक ठक. हातोडे सुरू. थोड्या वेळाने गेंदालालजींनी आमच्या पातेल्यात नवसागर टाकण्याआधी मान वर केली. छताच्या फळ्यांत एक हातभर जागा होती. तिथून दोरीला एक टोपली लोंबत होती. तिकडे बघून ते ओरडले, "आपा, धुआँ आ रिया है!"

वरून आवाज आला, "रुको खाँ, ढाँक लेने दो!" भोपाळात कुणीही कुणाचाही खाँ. कापडं झटकल्याचे, झाकल्याचे आवाज. त्या धुराने कळाबत्तू काळा पडतो. "हाँ, अब जला लो दुनिया!" धूर झाला, गेला. टोपली खाली आली. तिच्यात गूळपापडीच्या दोन वड्या, एक गेंदालालजींना, एक पाहुणीला. त्यांनी टोपलीत आपांचं दुरुस्त केलेलं पानदान ठेवलं. टोपली वर गेली.

काकूने वडी तोंडात टाकली नाही. ती उठली, पायरीवर गेली आणि काकांच्या खांद्याला हात लावला.

"अहो, आत या. बघून राहिलात का हे?"

"काय बघू? चाळीस वर्षं बघतोय."

"हे आपलं भोक आहे."

काकांनी मान वर केली.

"आपलं भिंतीत होतं, यांचं छतात आहे. बाकी सेम टू सेम." काकूचा आवाज चढला. "तुम्ही काय केलंत? दोघांना पाठीला पाठ लावून बसवलंत, मध्ये जाड भिंत घातलीत आणि दारं दोन टोकांना दिलीत. मला आणि कुसुमला दिली होती तश्शी! जुळं काढलंत तुम्ही, जुळं! ज्याला उजेड सोसत नाही त्याला खिडक्या मोठ्या करून दिल्यात, का तर कागद उलटा केला की खिडकी येतेच!"

मला त्या क्षणी कळलं, ओळखीचं काय वाटलं होतं ते. ते आमचंच क्वार्टर होतं. हातोडे घातलेलं.

काका बराच वेळ त्या टोपलीकडे बघत राहिले. गेंदालालजींना वाटलं, साहेबांना वडी हवी. त्यांनी आपली दिली. काकांनी ती खाल्ली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी उभे. "रव्या, गाडी काढ. टेप घे. तिला पण घे."

"कुठे?"

"माप घ्यायला."

आम्ही शिवाजी नगरला गेलो. आमच्या ओळी रिकाम्या करून पाडायला घेतल्या होत्या. दारं-खिडक्या काढून नेलेल्या. घरांना दात पडल्यासारखं दिसत होतं. पलीकडची ओळ गेली होती. आमचं जुळं उभं होतं, डावं आणि उजवं. आम्ही उजव्यात, आमच्या घरात शिरलो आणि माझे पाय आपोआप माठाच्या कोपऱ्याकडे वळले. कोपरा होता. दारामागचा कोनाडाही होता, तसाच रिकामा. इतकी वर्षं झाली, त्याचा उपयोग कुणालाही सापडला नव्हता.

मागच्या अंगणात ती भिंत. भोक बुजलेलं होतं, आमच्यानंतरच्या कुणी तरी बुजवलं असेल. काकांनी किल्लीने खरवडायला सुरुवात केली. थर निघत गेले. कडेला चुना, त्याखाली प्लॅस्टर, पुन्हा चुना. "हे त्र्याऐंशीचं," काका म्हणाले. "त्या वर्षी वाळू खराब होती." स्वतःच घातलेले अडथळे स्वतःच ओळखत, त्यांना नावं ठेवत त्यांनी भोक मोकळं केलं. मग खाली बसले. ताम्रकार खाली बसतात, जरदोजीवाले खाली बसतात, तर भोकाची उंचीही बसून ठरायला हवी, हा हिशेब.

"सुमन, तू पलीकडून ये."

"म्हणजे अख्खी ओळ फिरून?"

"मग? रस्ता तोच आहे."

काकू निघाली. ती कुठवर पोचली ते आम्हाला कळत होतं, कारण ती बोलत होती. हापशाशी सरकारला, वळणावर नवऱ्याला आणि स्वतःच्या जुन्या दारात शिरताना दोघांना मिळून. मग पलीकडे गुडघे मोडल्याचा आवाज आला, "आई गं" आला, आणि भोकातून बांगड्यांचा हात आला. हातात स्टीलची वाटी होती.

"वाटी कुठून आणलीस?"

"बटव्यातून. भोकातून काही आल्याशिवाय भोकाचं माप कसं कळणार?"

काकांनी वाटी घेतली नाही. नुसते बघत राहिले. या भिंतीशी इतकी वर्षं काढली, पण भोकाच्या या बाजूला ते बसले ते पहिल्यांदाच. इथे नेहमी आई बसायची.

"अहो, धरून राहू का अशीच? हात दुखून राहिला."

"राहू दे जरा," काका म्हणाले. "माप घेतोय."

टेप जमिनीवर गुंडाळलेली पडली होती. मी ती उचलली नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. जुळं मोडलं. जरदोजीला उत्तरेचा उजेड, ताम्रकारांना आतली, सावलीची बाजू आणि धुराला अंगण. दारं दोन्ही एका ओट्यावर, शेजारी शेजारी. भिंत जाडच ठेवली. पण तिच्यात, बसल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर, एक खिडकी. लाकडी झडप, दोन्हीकडून उघडणारी, दोन्हीकडून ठोकता येणारी. मृणालने पुण्याहून विचारलं, "काका, हे काय आहे? कुठल्याच मानकात बसत नाही." काका म्हणाले, "बसत नाही. बसून वापरतात."

नवमीला बैठक. आपांनी नकाशा पाहिला, झडपेवर बोट ठेवलं. गेंदालालजींनी त्याच जागी बोट ठेवलं. दोघं एकमेकांकडे बघून हसले.

"को खाँ, ये टोपली काए को भूल गए थे अब तक?" आपा म्हणाल्या.

"नकाशात नव्हती," काका मराठीतच म्हणाले. सगळ्यांना समजलं.

सह्या झाल्या. मी कोपऱ्यातली चौकट वाचली. 'संकल्पना'पुढे पूर्ण नाव, नरहर पांढरीपांडे. अक्षर मुंगीएवढं नव्हतं, चांगलं मुंगळ्याएवढं होतं. पण प्रत्येक सरकारी नकाशात आणखी एक रकाना असतो, 'संदर्भ'. आधीच्या कोणत्या नकाशावरून हे काढलं, ते लिहायचं. काकांनी तो कधी रिकामा सोडला नाही. तिथे लिहिलं होतं: 'सुमन, शिवाजी नगर, मागची भिंत.'

काकूने ते वाचलं. "पिन कोड राहिला," ती म्हणाली, आणि पदराने चष्मा पुसायला लागली.

इमारत उभी राहिली. यंदा तिथे काम सुरू झालं आणि आम्ही बघायला गेलो. बंबही आला, त्याला घराबाहेर पडायची सवय आहे. एका बाजूला ठण ठण, दुसऱ्या बाजूला सूं सूं. काका ऐटीत आत शिरले, भिंतीपाशी गेले आणि थबकले. झडपेच्या खालची एक वीट नव्हती. चौकट उतरवून पुन्हा बसवलेली, सिमेंट अजून ओलं.

"ये किसने तोड़ा?" काका गरजले. हातोडे थांबले. सुयाही थांबल्या असाव्यात.

"उधर वालों ने," गेंदालालजी म्हणाले.

"इधर नहीं, उधर से," भिंतीपलीकडून आपांचा आवाज आला.

"नक्शे में नहीं है ये!"

"साब, केतली नहीं आ री थी," गेंदालालजी खाली मान घालून म्हणाले. "कप आ जाता है, केतली फँस जाती है."

काका त्या विटेच्या जागेकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता थापी मागतात. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, जीभ लावून तिचं टोक ओलं केलं आणि माझ्याकडे हात पुढे केला. "रव्या, टेप. नकाशा दुरुस्त करावा लागेल." आणि बसले. बसले ते बसलेच, वय झालंय, आता उठवायला दोन माणसं लागणार होती. टेपचं टोक त्यांनी विटेच्या कडेला लावलं.

पलीकडून झडपेवर ठक ठक वाजलं. झडप उघडली, आणि त्या वाढवलेल्या जागेतून आधी केतली आली आणि तिच्यामागे बांगड्यांचा हात. काकू कधी तिकडे गेली होती, कोण जाणे. आता अख्खी ओळ फिरावी लागत नाही.

"आधी चहा घ्या," ती म्हणाली. "मग मोजा."